फ्री डिश: स्ट्रेंग्थ भरपूर, पण क्वालिटी टिकत नाही

गडग्याकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आई-वडिलांसाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. अनेक वर्षे ती पडवीच्या छपरावर होती आणि मुसळधार पावसाचा वेळ सोडला तर तिने कधी त्रास दिला नाही. या उन्हाळ्यात छपराचे वासे बदलावे लागल्यामुळे डिश तिथून काढली आणि अंगणाच्या कडेला, चिऱ्याच्या गडग्याला लोखंडी पाइप तारेने आवळून बांधून त्यावर बसवली. डिश तीच, साठ सेंटिमीटरची. एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) तोच आणि खोकेही (सेट-टॉप बॉक्स) तेच. केबल मात्र कमी पडल्यामुळे जुन्या तुकड्याला नवा तुकडा जोडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे, त्यामुळे एकूण लांबी आता पंचवीस मीटरच्या आसपास भरते.

अडचण अशी आहे की पडद्यावर स्ट्रेंग्थ ८० ते ८५ दाखवते, पण क्वालिटी ४० च्या वर जात नाही. वारा सुटला की ती २० वर येते आणि चित्राचे चौकोन पडू लागतात. साधी सर आली तरी शून्य होते. डिश हलवताना एलएनबी काढला होता, तो परत बसवताना केबल सरळ खाली येईल असा बसवला आहे. नागपूरला राहणाऱ्या भावाने त्याच्याकडचा १४५ अंशांचा कोन कळवला होता, परंतु तो लावल्यावर येथे काहीच मिळाले नाही. हळूहळू पूर्वेकडे फिरवत गेल्यावर सध्याचा सिग्नल सापडला. त्यामुळे आपण योग्य उपग्रहावर आहोत की शेजारच्या, ही शंकाही मनात आहे. त्या दिशेला एक फणसाचे झाडही आहे.

एका दुकानदाराने नव्वद सेंटिमीटरची डिश आणि सोबत सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून येथे विचारत आहे. आई-वडिलांना संध्याकाळच्या बातम्या आणि सकाळची भजने एवढाच विरंगुळा आहे, त्यामुळे हे लवकर मार्गी लागावे अशी इच्छा आहे.

आकाशवेध यांचा प्रतिसाद

आपण दिलेल्या तपशिलांत उत्तराचा बराचसा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सर्वप्रथम स्ट्रेंग्थचा आकडा बाजूला ठेवावा. खोक्याला केबलमधून एकूण किती शक्ती येते एवढेच तो आकडा सांगतो, आणि त्या शक्तीत एलएनबीने स्वतः निर्माण केलेला गोंगाटही मोजला जातो. डिश घराच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी अनेक खोक्यांवर स्ट्रेंग्थ निम्म्याच्या आसपास दिसते. गोंगाटाच्या तुलनेत उपयोगी सिग्नल किती स्पष्ट आहे हे क्वालिटी सांगते. जुळवणी करताना डोळा फक्त तिच्यावर असावा. आपली स्ट्रेंग्थ ८५ असूनही क्वालिटी ४० आहे, याचा अर्थ केबल आणि एलएनबी जिवंत आहेत, पण जे हवे त्याबरोबर नको असलेलेही मोठ्या प्रमाणात आत येत आहे.

आता कोनांविषयी. फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे आपल्याला तो एकाच जागी स्थिर भासतो. मात्र आकाशातील त्याची ती जागा प्रत्येक गावातून निराळी दिसते. नागपूरहून त्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेकडून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन, १४४.६ अंश येतो. रत्नागिरी-संगमेश्वरच्या पट्ट्यात तो सुमारे १२८.५ अंश आहे. आपले बंधू त्यांच्या ठिकाणी अचूक आहेत. अक्षांश आणि रेखांश या दोन्हींतील फरकामुळे येथे सोळा अंशांचे अंतर पडते, आणि साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंश रुंद असल्याने त्या कोनावर काहीही न मिळणे स्वाभाविक आहे. उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, आपल्याकडे ५९ अंशांच्या जवळपास आहे. डिश ऑफसेट प्रकारची, म्हणजे एलएनबी मध्यभागी न येता खालच्या बाजूला असलेली, असल्यामुळे तिचे तोंड प्रत्यक्षात बरेच खाली पाहत असल्यासारखे वाटते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने ती वर उचलण्याचा मोह टाळावा आणि मागच्या क्लॅम्पवर कोरलेल्या मापपट्टीवरच विश्वास ठेवावा.

माझ्या मते आपला मुख्य दोष मात्र तिसऱ्या कोनात आहे, ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी उभ्या किंवा आडव्या पातळीत कंप पावतात आणि एलएनबीच्या तोंडातील तार त्याच पातळीत असावी लागते. उपग्रहाची ही पातळी विषुववृत्ताच्या संदर्भात ठरलेली असते. आपण त्याच्या थेट उत्तरेला नसून बऱ्याच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याला ती कललेली दिसते. नागपूरला हा कल सुमारे ३३ अंश येतो, कोकणात मात्र तो ४८ अंशांपर्यंत जातो. एलएनबी केबल सरळ खाली ठेवून बसवला तर तो उभ्या आणि आडव्या या दोन्ही पातळ्यांच्या बरोबर मध्ये सापडतो. हव्या सिग्नलची निम्मी शक्ती वाया जाते आणि त्याच वारंवारतेवर दुसऱ्या पातळीत जे काही चालू असेल ते तेवढ्याच जोराने आत शिरते. स्ट्रेंग्थ उत्तम आणि क्वालिटी दुबळी, हे आपण वर्णन केलेले चित्र त्याच्याशी तंतोतंत जुळते.

उपाय सोपा आहे. एलएनबीचा क्लॅम्प थोडा सैल करावा, डिशच्या समोर, तिच्या पोटाकडे तोंड करून उभे राहावे आणि केबलचे टोक सहाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साडेसातच्या जागेपर्यंत फिरवावे. हा आरंभबिंदू समजावा. तेथून दोन्ही बाजूंना थोडे थोडे फिरवत क्वालिटी सर्वाधिक कुठे होते ते पाहावे. उलट दिशेला मात्र चुकूनही फिरवू नये. आपल्याकडील कल ४५ अंशांच्या इतका जवळ आहे की विरुद्ध दिशेला तेवढेच फिरवल्यास एलएनबी उभ्याऐवजी आडव्या लहरी पकडू लागतो आणि क्वालिटी पूर्ण नाहीशी होते. एलएनबी फिरवण्याने फरक पडत नाही असे अनेक जण सांगतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

आपण योग्य उपग्रहावर आहात का, याची खात्रीही करून घ्यावी. ९५ अंशांवर एसईएस-८ हा उपग्रह आहे, त्यावरून डिश टीव्हीचे प्रक्षेपण होते. दोघांतील अंतर केवळ दीड अंश असल्यामुळे आपली डिश दोघांच्या मध्ये कुठेतरी रोखलेली असू शकते. खोक्यात ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० अशी नोंद करून शोध घ्यावा आणि दूरदर्शनच्या वाहिन्यांची नावे येतात का ते पाहावे. पूर्ण शोधात सन डायरेक्टच्या कुलूपबंद वाहिन्या दिसल्या तर चिंता नको, कारण त्याही ९३.५ अंशांवरूनच येतात. मेन्यूमध्ये उपग्रहाचे नाव इन्सॅट-४बी असे असले तरी चालेल. तो याच जागेवरचा आधीचा उपग्रह होता आणि खोक्याला नावाने काही फरक पडत नाही. एलएनबीची वारंवारता मात्र ९७५०/१०६०० हीच असली पाहिजे. एखाद्या फार जुन्या पत्रकावर ९५ अंश छापलेले आढळल्यास ते बाजूला ठेवावे, कारण २००४ साली ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली तेव्हा ती ९५ अंशांवरील एनएसएस-६ वर होती.

जांभा यांचा प्रतिसाद

आकाशवेध यांनी कोनांविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, पण वाऱ्याने क्वालिटी निम्म्यावर येते या वाक्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे असे मला वाटते. तो दोष एलएनबी फिरवून जाणार नाही. माझा व्यवसाय बांधकामाचा आहे आणि गडग्याला पाइप बांधून बसवलेल्या डिश मी आपल्या भागात पुष्कळ पाहिल्या आहेत.

गडगा म्हणजे बिनचुन्याची, एकावर एक रचलेली भिंत. त्यातील दगड पावसाळ्यात हलतात, खालची माती फुगते आणि त्याला तारेने आवळलेला पाइप जूनमध्ये जिथे असतो तिथे ऑगस्टमध्ये राहत नाही. डिशचे आकारमान लक्षात घेतले तर तिची कडा अर्धा सेंटिमीटर सरकली की एक अंश जातो. पाइपच्या पृष्ठभागावर तोच एक अंश मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भरतो. बांधकाम केलेल्या चिऱ्यांच्या भिंतीतही थेट बोल्ट ठोकणे मला पसंत नाही, कारण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि बोल्टभोवती भुगा होऊन भोक मोठे होत जाते. शक्य असेल तर जमिनीत दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन, पाइपाच्या तळाला आडवी सळई वेल्ड करून, काँक्रीटमध्ये तो उभा करावा. आडव्या सळईमुळे पाइप काँक्रीटमध्ये गोल फिरत नाही. भर पावसात हे काम करायचे असेल तर वर ताडपत्री धरावी, आणि काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत डिश चढवू नये.

पाइप उभा करताना ओळंबा लावावा, आणि तो एका बाजूने न पाहता एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी पाहावा. पाइप कललेला असला की क्लॅम्पवरील उन्नतांशाचे माप खोटे ठरते, आणि डिश डावीकडे-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते. मग एक कोन साधला की दुसरा बिघडतो आणि माणूस तासन् तास अंगणात उभा राहतो. या एका कारणाने हताश होऊन डिश काढून टाकलेली माणसे मला माहीत आहेत.

नट-बोल्ट खाऱ्या हवेने आणि पावसाने गंजतात, त्यामुळे कसताना ग्रीस लावावे. कसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे: सर्व नट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर क्वालिटी पाहावी, कारण एकच नट पूर्ण आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते. शेवटी डिशच्या वरच्या कडेला बोटाने समोरून मागे हलका दाब देऊन पाहावे. दाबल्यावर क्वालिटी वाढत असेल तर डिश अजून वर उचलण्याची गरज आहे. दाबल्यावर कमी होते आणि सोडल्यावर पूर्ववत होते, शिवाय मागून पुढे ढकलल्यासही तसेच घडते, तर आपण शिखरावर आहात. आपल्याकडे वानरांचा उपद्रव असेल तर पाइप माडापासून आणि छपराच्या कडेपासून लांब घ्यावा. एलएनबीच्या दांड्यावर वानर एकदा बसले तरी सगळी जुळवणी जाते.

लहरी यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, तरीही दुकानदाराचा नव्वद सेंटिमीटरचा सल्ला पूर्णपणे डावलू नये असे मी म्हणेन. या लहरींची लांबी सुमारे २.७ सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात व विखुरतात. कोकणातील जुलै-ऑगस्टचा पाऊस लक्षात घेता हाताशी थोडी शिल्लक असणे चांगले. साठऐवजी नव्वद सेंटिमीटर घेतल्यास पृष्ठफळ सव्वादोन पट होते, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबलची वाढ मिळते. मध्यम सरीत चित्र टिकते. ढगफुटीसारख्या पावसात कोणतीही घरगुती डिश टिकणार नाही, हेही आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट विरोधी आहे. एलएनबी स्वतःच सिग्नल पन्नास ते साठ डेसिबलने वाढवून खाली पाठवतो. त्यानंतर लावलेले यंत्र सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवते. स्ट्रेंग्थ ९५ दिसू लागेल, क्वालिटी आहे तिथेच राहील. पंचवीस मीटर केबलसाठी त्याची गरजच नाही. आरजी-६ केबलमध्ये या वारंवारतेला तीस मीटरमागे सात डेसिबलच्या आसपास घट होते, ती एलएनबीची वाढ सहज पेलते.

आपण जोडलेला केबलचा सांधा मला अधिक सलतो. चिकटपट्टी पावसाळ्यात पाणी अडवत नाही, उलट आत गेलेले पाणी धरून ठेवते. पाणी तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने दूरवर सरकते, जाळी हिरवी-काळी पडते आणि मग दोष सांध्यापुरता उरत नाही. पावसाची सर येताच क्वालिटी शून्य होण्यामागे आकाशातील पावसाइतकाच हा सांधाही कारण असू शकतो. तपासण्यासाठी सोपी युक्ती आहे: पाऊस थांबून आकाश निवळल्यावर क्वालिटी लगेच पूर्ववत होते की कित्येक तास लागतात ते पाहावे. पावसामुळे झालेली घट पावसाबरोबरच जाते. पाणी शिरलेल्या सांध्यातील घट मात्र ऊन पडून तो वाळेपर्यंत रेंगाळते.

शक्यतो डिशपासून खोक्यापर्यंत एकच अखंड केबल टाकावी. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला लागू देऊ नये, कारण त्याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो. केबल काढ-घाल करण्यापूर्वी खोके बंद करून प्लग काढावा. एलएनबीजवळ केबलला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता वळशाच्या तळाशी ठिबकते. एलएनबीचे तोंड झाकणारे प्लास्टिकचे टोपण तडकलेले नाही ना, तेही पाहावे. त्यात साचलेला एक चमचा पाणीसुद्धा संपूर्ण सिग्नल खाऊ शकते.

आकाशवेध यांचा प्रतिसाद

लहरी यांच्या नव्वद सेंटिमीटरच्या गणिताविषयी दुमत नाही, पण क्रमाविषयी आहे. मोठ्या डिशचा झोत अरुंद असतो, नव्वद सेंटिमीटरला तो दोन अंशांच्या आसपास येतो, आणि वाऱ्याचा दाबही सव्वादोन पट होतो. हलणाऱ्या पाइपवर मोठी डिश चढवली तर आजच्यापेक्षा परिस्थिती बिघडेल. याच घरात याच साठ सेंटिमीटरच्या डिशने अनेक पावसाळे काढले आहेत. आधी एलएनबीचा कल, मग खांब, मग केबल, आणि हे सर्व झाल्यावरही मध्यम पावसात चित्र जात असेल तरच मोठी डिश, असे मी सुचवेन.

फणसाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून जोडतो. ५९ अंशांच्या उन्नतांशाचा अर्थ असा की झाड जितके दूर असेल त्याच्या सुमारे १.७ पट उंचीपर्यंत ते अडथळा करत नाही. डिशपासून सहा मीटरवरचे झाड डिशच्या पातळीपासून दहा मीटर उंच होईपर्यंत चालते, पण कडेची पाने झोतात येऊ नयेत म्हणून मीटर-दीड मीटर राखून ठेवावे. ओले पान कोरड्या पानापेक्षा कितीतरी अधिक सिग्नल अडवते, म्हणून उन्हाळ्यात निर्धोक वाटलेली फांदी पावसाळ्यात आड येऊ शकते.

दिशा ठरवताना होकायंत्र वापरत असाल तर पाइप, पत्रा आणि मोटारसायकल यांपासून काही पावले दूर उभे राहून ती घ्यावी आणि दूरच्या एखाद्या खुणेवरून डिशपर्यंत आणावी. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तो विचारात घेण्याची गरज नाही. लोखंडामुळे सुई भरकटते, तो फरक मात्र दहा-वीस अंशांचाही असू शकतो.

गडग्याकाठी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पाऊस उघडल्यावर प्रथम एलएनबी साडेसातच्या जागेकडे फिरवला आणि क्वालिटी ४० वरून ६२ वर गेली. खोके आकडा बदलायला काही सेकंद घेते, हे लक्षात आल्यावर प्रत्येक हालचालीनंतर थांबत गेलो, तेव्हा आणखी थोडे फिरवून ती ६६ वर स्थिर झाली. ११०९० च्या शोधात दूरदर्शनच्या वाहिन्या आल्या, म्हणजे उपग्रह योग्यच आहे. केबलचा सांधा उघडला तर जाळी खरोखरच काळी पडली होती. अखंड केबल मागवली आहे. खांबासाठी जांभा यांनी सांगितल्याप्रमाणे खड्डा घेतला आहे, जागाही फणसापासून दूर, विहिरीच्या बाजूला निवडली आहे. नव्वदची डिश आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही तूर्त घेत नाही.

एक शंका उरते. एवढी क्वालिटी असूनही शेजाऱ्यांकडे दिसणाऱ्या काही वाहिन्या आमच्या खोक्यावर येत नाहीत. त्यासाठी डिश आणखी जुळवावी लागेल का?

लहरी यांचा प्रतिसाद

त्याचा डिशशी बहुधा संबंध नाही. फ्री डिशवरील काही वाहिन्या एमपेग-४ या चित्र आवळून पाठवण्याच्या नव्या पद्धतीने प्रसारित होतात आणि जुनी खोकी फक्त एमपेग-२ ओळखतात. शेजाऱ्यांचे खोके एका संध्याकाळपुरते आपल्या केबलला लावून पाहावे. त्यावर त्या वाहिन्या दिसल्या तर डिशला हात न लावता फक्त खोके बदलावे.

सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र गेले, तर तेव्हाही पाना हातात घेऊ नये. त्या दिवसांत सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या किरणोत्सर्गात सिग्नल बुडतो. मार्चच्या मध्याच्या आसपासही असेच होते. चांगल्या जुळलेल्या डिशवर त्या वेळी परावर्तित उजेड थेट एलएनबीच्या टोपणावर गोळा होतो, त्यामुळे दिशा तपासण्याची ती आयती संधी असते. नव्या खांबावर डिश बसवल्यानंतर ती तपासणी एकदा अवश्य करावी.

जांभा यांचा प्रतिसाद

खड्डा विहिरीच्या बाजूला घेतला आहे म्हणून एक सूचना. तिथली माती सतत ओली राहत असेल तर तळाशी आधी खडीचा थर द्यावा आणि काँक्रीटचा माथा जमिनीपासून चार बोटे वर, चारी बाजूंना उतार देऊन घ्यावा, म्हणजे पाइपच्या बुडाशी पाणी साचून तो गंजणार नाही. पाइपाचे वरचे तोंड टोपणाने बंद करावे. डिश चढवून क्वालिटी साधली की पाइप आणि क्लॅम्प या दोघांवर मिळून रंगाची एक उभी रेघ मारून ठेवावी. पुढे कधी शंका आली तर वडिलांना ती रेघ जुळते की नाही एवढेच पाहून फोनवर सांगता येईल.

गडग्याकाठी यांचा प्रतिसाद

खडी टाकून घेतो आणि रेघेसाठी तांबडा रंग आणून ठेवतो. शेजारच्या काकांचे खोके उद्या लावून पाहणार आहे. त्या वाहिन्या दिसल्या तर एमपेग-४ चे खोके घेऊनच पुढच्या वेळी गावी जाईन.